मोरी तुंबली तर पुडी कोणती? आधी पाणी कुठे जाते ते पाहा

स्वयंपाकघरातील सिंकमधले पाणी उतरेनासे झाले की पुढची कृती बहुतेक घरांत ठरलेली असते. कोपऱ्यावरच्या दुकानातून मोरी साफ करणाऱ्या पावडरीची पुडी आणली जाते, जाळीवर रिकामी केली जाते आणि वरून पाणी ओतले जाते. कधी वाट मोकळी होते, कधी होत नाही. झाली नाही तर दुसरी पुडी, तिचाही उपयोग झाला नाही तर शौचालयाचे ऍसिड, असा क्रम सुरू होतो. एक साधी घरगुती अडचण धोकादायक होते ती या टप्प्यावर. मोरीचे हे रसायन आज साबणाच्या वडीशेजारी विकले जाते. मात्र ते कशावर चालते, कशावर चालत नाही आणि काम संपल्यावर कुठे जाते, याची माहिती पुडीसोबत घरात येतेच असे नाही.

नळीचे योग्य औषध निवडण्यासाठी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. अडले आहे ते नेमके काय? आणि घरातून बाहेर पडलेले पाणी पुढे कुठे जाते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावोगाव बदलते. दाट वस्तीच्या जुन्या शहरात एक उत्तर मिळते आणि गोव्यातील वाड्यावरच्या घरात दुसरे. हैदराबादचे हिमायतनगर हे पहिल्या प्रकारचे बोलके उदाहरण आहे. गोव्यातही सदनिकांची संख्या वाढत असल्याने तिथला अनुभव इथे उपयोगी पडणारा आहे.

हिमायतनगरातील पाण्याची वाट

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पूर रोखण्यासाठी धरणे बांधावीत आणि शहराला आधुनिक मलनिस्सारण व्यवस्था द्यावी, अशी दुहेरी शिफारस त्यांनी केली. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले आणि भुयारी गटारांची योजना आकाराला आली. हिमायतसागर हे नाव सातव्या निजामाचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांच्यावरून पडले. हिमायतनगर या वस्तीचे नावही त्यांच्याच नावाशी जोडले जाते.

बशीरबाग, हैदरगुडा आणि नारायणगुडा यांच्या सान्निध्यातील ही वस्ती एकेकाळी ऐसपैस बंगल्यांची होती. आज अशा अनेक भूखंडांवर बहुमजली इमारती, उपाहारगृहे आणि दुकाने उभी आहेत. ज्या भूखंडावर पूर्वी एका कुटुंबाची भांडी घासली जात, तिथे आता दहा-वीस स्वयंपाकघरांचे पाणी एका उभ्या नळीतून खाली येते. ते इमारतीच्या आवारातील चेंबरमध्ये जमते आणि तिथून रस्त्याखालच्या गटारवाहिनीला मिळते. या वाहिन्यांची जबाबदारी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद महानगर पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाकडे आहे. शहरातील सांडपाण्याचा मोठा वाटा पूर्वेकडील अंबरपेठ येथील केंद्रात शुद्ध होतो. त्याची क्षमता दिवसाला ३३९ दशलक्ष लिटर आहे. तिथून पाणी मुसीत जाते.

या रचनेमुळे एक गोष्ट घडते. तिसऱ्या मजल्यावरील सिंक तुंबले, तर अडथळा त्या घरातल्या वितभर नळीत असू शकतो, सर्वांच्या सामाईक उभ्या नळीत असू शकतो किंवा थेट रस्त्याखालीही असू शकतो. पुडी या तीनपैकी केवळ पहिल्या ठिकाणी उपयोगी पडण्याची शक्यता असते. म्हणूनच रसायनाआधी निदान हवे.

आधी निदान

घरातील एकच सिंक किंवा एकच मोरी तुंबली असेल आणि बाकी सर्व ठिकाणचे पाणी व्यवस्थित जात असेल, तर अडथळा जवळ आहे. सिंकच्या खाली असलेल्या वाकड्या नळीत किंवा बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपमध्ये तो बहुधा सापडतो. न्हाणीघरात जमिनीत बसवलेल्या ट्रॅपला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. या सर्व ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम साठून राहते आणि ते गटारातील वायू व किडे घरात येऊ देत नाही. पाणी साठण्याची जागा असल्यामुळे गाळ, केस आणि चरबीही तिथेच बसतात.

सिंक, मोरी आणि शौचालय एकाच वेळी मंदावले असतील, तर दोष पुढच्या सामाईक नळीत आहे. वरच्या मजल्यावर कोणी कपडे धुतल्यावर तळमजल्यावरील न्हाणीघरात पाणी उफाळून येत असेल, तर चेंबर किंवा त्यापुढची वाहिनी भरलेली आहे. अशा वेळी आवारातील चेंबरचे झाकण प्लंबरकडून उघडून पाहावे. चेंबर काठोकाठ भरला असेल, तर घरात कितीही पुड्या ओतल्या तरी त्या तुंबलेल्या पाण्यात विरघळून तिथेच राहतील. हैदराबादेत अशा वेळी मंडळाच्या १५५३१३ या क्रमांकावर तक्रार नोंदवली जाते. अरुंद गल्ल्यांत पोहोचू शकणारी, पाण्याच्या जोरदार झोताने वाहिनी मोकळी करणारी ७० लहान यंत्रे या शहरात २०१७ मध्ये दाखल झाली. मुख्य वाहिनीचे काम अशा यंत्रांचे आहे, घरातल्या पुडीचे नव्हे.

अडलेला पदार्थही जागेवरून ओळखता येतो. सिंकमध्ये बहुधा तेल-तूप, भाताची शिते, चहाचा चोथा आणि नारळाचा किस असतो. न्हाणीघरात केस आणि साबणाचा साका असतो. शौचालयात कागद, ओले रुमाल किंवा सॅनिटरी पॅड असण्याची शक्यता अधिक. यांपैकी कापूस, प्लास्टिक, चोथा आणि वाळू यांवर बाजारातील कोणतेही रसायन परिणाम करत नाही. ते हातानेच काढावे लागतात.

पुडीत काय असते?

पांढऱ्या कणांच्या पावडरीतील मुख्य घटक कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. घरी साबण करणाऱ्यांना हा पदार्थ परिचित आहे. तेलाशी त्याचा संयोग झाला की साबण तयार होतो. नळीतही हेच घडते. चिकटून बसलेल्या चरबीचा साबण होतो आणि तो पाण्यासोबत वाहून जातो. केसांतील प्रथिनांनाही हा अल्कली विरघळवतो. काही पावडरींत ऍल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात. अमेरिकेत १९२३ पासून विकल्या जाणाऱ्या ‘ड्रेनो’चे मूळ सूत्र असेच होते. ऍल्युमिनियम आणि कॉस्टिक यांच्या अभिक्रियेतून उष्णता आणि हायड्रोजन वायू निघतो. बुडबुड्यांमुळे साका ढवळून निघतो, पण हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने सिंकशेजारी गॅसची शेगडी पेटलेली असू नये.

कॉस्टिक केवळ पाण्यात विरघळतानाही मोठी उष्णता सोडतो. ५० ग्रॅम शुद्ध कॉस्टिक पाव लिटर पाण्यात विरघळला, तर त्या पाण्याचे तापमान साधारण ४५ ते ५० अंशांनी वाढते, असा हिशेब निघतो. म्हणजे उन्हाळ्यात नळाचे तीस अंशांचे पाणी थेट ७५ ते ८० अंशांवर पोहोचू शकते. सांडपाण्याचे साधे पीव्हीसी पाइप साधारण ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतात. एका पुडीची उष्णता नळीत पसरून निवते. तुंबलेल्या ट्रॅपमध्ये एकामागून एक पुड्या रिकाम्या केल्या, वरून उकळते पाणी ओतले, तर सांधे सैल होण्याची आणि गरम द्रव उसळून चेहऱ्यावर येण्याची भीती असते. जुन्या इमारतींतील बिडाचे पाइप उष्णता सोसतात, पण त्यांचे सांधे आधीच झिजलेले असतात.

आणखी एक धोका फारसा लक्षात येत नाही. चरबी खूप आणि पाणी थोडे असेल, तर तयार झालेला साबण वाहून न जाता पुढच्या वळणावर थंड होऊन घट्ट बसतो. पुडीने काम झाले असे वाटते आणि आठवड्याभरात नळी पुन्हा तुंबते. दुसऱ्या वेळी अडथळा दगडासारखा कठीण झालेला असतो.

द्रव स्वरूपातील औषधांत कॉस्टिकबरोबर ब्लीचही असू शकते. ते केसांवर चांगले चालते. पुढची पायरी ऍसिडची. शौचालय स्वच्छ करण्याच्या द्रवात सौम्य हायड्रोक्लोरिक ऍसिड असते. ते क्षारांचे पिवळे थर काढते, पण चरबीवर त्याचा उपयोग नाही. तीव्र ऍसिड संगमरवर, मोझेक, सिमेंटचे सांधे आणि चकाकणारे धातूचे ट्रॅप खाऊन टाकते. ऍसिडहल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला ऍसिड विकू नये, असे ते आदेश आहेत. घरातील सिंक मोकळे करण्यासाठी तीव्र ऍसिडची गरज नाही.

जिवाणू किंवा विकर असलेली औषधे सौम्य असतात. रात्री ओतून सकाळपर्यंत ठेवल्यास ती चरबी आणि अन्नकण हळूहळू पचवतात. पूर्ण तुंबलेल्या नळीवर ती निरुपयोगी ठरतात. पंधरवड्यातून एकदा देखभाल म्हणून मात्र ती उत्तम. त्यांच्यासोबत ब्लीच किंवा उकळते पाणी वापरल्यास त्यातील जिवाणूच मरतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला आकर्षक असतो. पण सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल असल्याने दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. मागे उरते ते क्षारयुक्त पाणी. वास कमी करण्यापलीकडे त्या मिश्रणाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

क्रम पाळला तर पुडीची गरज क्वचित

प्लंबर घरी आल्यावर प्रथम हातातील साधने वापरतो, रसायन नाही. तोच क्रम घरातही पाळता येतो. जाळी उचलून दिसणारा कचरा काढावा. सिंकच्या वरच्या कडेला जादा पाणी जाण्याचे छिद्र असेल, तर ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे. रबरी पंप बुडेल इतके पाणी साठवून तो दहा-पंधरा वेळा सरळ वर-खाली करावा. छिद्र उघडे राहिल्यास सगळा जोर तिथूनच निसटतो. पुष्कळ घरांत पंप निकामी ठरतो तो या एका चुकीमुळे.

त्याने काम न झाल्यास सिंकखाली बादली ठेवून बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपचा तळ हाताने फिरवून काढावा. आतील गाळ काढून तो धुवावा आणि रबरी वायसर नीट बसवून पुन्हा लावावा. त्यापुढील नळीसाठी स्प्रिंगसारखी लवचीक तार मिळते. न्हाणीघरात केस ओढून काढण्यासाठी आकडे असलेली प्लास्टिकची पट्टी पुरते. ही साधने एकदा घेतली की वर्षानुवर्षे टिकतात.

एवढ्यानेही वाट मोकळी झाली नाही आणि अडथळा चरबीचा आहे अशी खात्री असेल, तर एक पुडी वापरता येते. त्याआधी सिंकमधले साठलेले पाणी भांड्याने काढून टाकावे. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. खिडकी उघडी असावी, शेगडी बंद असावी आणि मुले दूर असावीत. पावडर कोरड्या भांड्यातून टाकावी, ओल्या हाताने किंवा ओल्या चमच्याने नव्हे. ऍल्युमिनियमचे पातेले या कामासाठी घेऊ नये. वेष्टनावर लिहिलेले पाण्याचे प्रमाण आणि वेळ काटेकोर पाळावी. चेहरा सिंकवर झुकवू नये. वेळ संपल्यावर भरपूर साध्या पाण्याने नळी धुवावी. पाणी उतरले नाही, तर तिथेच थांबावे.

हे थांबणे महत्त्वाचे आहे. दुसरे औषध ओतले की आधीचे आत असतेच. कॉस्टिकवर ऍसिड पडले तर तीव्र उष्णतेने द्रव उसळतो. ब्लीचवर ऍसिड पडले तर क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो श्वासनलिका भाजून काढतो. ब्लीच आणि अमोनिया असलेले काचेचे क्लीनर एकत्र आल्यासही विषारी वायू तयार होतो. म्हणून एका दिवसात एकच औषध आणि तेही एकदाच, हा नियम घरातील सर्वांना माहीत हवा.

प्लंबर बोलावल्यास आत काय ओतले आहे ते त्याला आधीच सांगावे. ट्रॅप उघडताना आतील कॉस्टिक थेट त्याच्या हातांवर आणि चेहऱ्यावर येते. हे न सांगणे म्हणजे आपला धोका दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे होय. चेंबर किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्याचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाविना गटार व टाकीत माणसाकडून सफाई करून घेण्यास मनाई केली. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपयांपर्यंत वाढवली. टाकी रिकामी करायची तर ती पंप असलेल्या टँकरनेच.

डोळ्यात उडाले तर

आम्लापेक्षा अल्कलीची इजा डोळ्यात खोलवर जाते. आम्लामुळे वरच्या थरातील प्रथिने गोठतात आणि काही अंशी तोच थर अडसर बनतो. अल्कली पेशींतील चरबी विरघळवत पुढे सरकत राहतो. चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्यांना होणारी इजा याच प्रकारातली. बुबुळाच्या कडेला असलेल्या मूळपेशी नष्ट झाल्या की बुबुळ पांढरे पडते आणि दृष्टी जाते. अशा रुग्णांसाठी निरोगी डोळ्यातील ऊतीचा लहानसा तुकडा घेऊन त्याचे रोपण करण्याची पद्धत हैदराबादच्याच एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगापुढे मांडली. उपचार उपलब्ध असले, तरी पहिल्या काही मिनिटांत घरातील नळावर जे केले जाते त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

डोळ्यात कण किंवा थेंब गेल्यास पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. डोळा चोळू नये. त्वचेवर कोरडी पावडर पडली असेल, तर ती आधी कोरड्या फडक्याने झटकावी, नंतर भरपूर पाणी घ्यावे. लिंबू किंवा व्हिनेगर लावून ती ‘मारण्याचा’ प्रयत्न करू नये, कारण त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. कोणी गिळले असल्यास उलटी करवू नये, कारण अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. तोंड पाण्याने धुवून थेट रुग्णालय गाठावे आणि वेष्टन सोबत न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक तेलंगण आणि गोवा दोन्ही राज्यांत चालतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

उरलेले औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. अर्धी पुडी उरली तर ती हवेतील ओलावा शोषून पाझरते. गोव्याच्या दमट हवेत हे लवकर घडते. म्हणून लागेल तेवढीच आणावी.

गोव्यातील घरांसाठी वेगळा विचार

हिमायतनगरातील नळीत पडलेली पुडी लक्षावधी लिटर सांडपाण्यात मिसळून विरळ होते. गोव्यात पणजी, मडगाव, वास्को यांच्या काही भागांत अशा वाहिन्या आहेत आणि पणजीचे सांडपाणी टोंक येथील प्रकल्पात शुद्ध होते. मात्र गावांतील बहुसंख्य घरांचे आणि असंख्य नव्या वसाहतींचे पाणी आवारातील सेप्टिक टाकीत आणि तिथून शोषखड्ड्यात जाते. त्या टाकीचे सगळे काम जिवाणूंवर चालते. एखादी पुडी मोठ्या टाकीत विरळ होऊन निभावून जाईल. दर आठवड्याला कॉस्टिक, ऍसिड आणि ब्लीच सोडत राहिल्यास जिवाणू मरतात, गाळ न कुजता साठतो आणि अर्धवट शुद्ध झालेले पाणी जमिनीत उतरते. आवारातच विहीर असेल, तर हा प्रश्न नळीपुरता राहत नाही.

पावसाळ्यात आणखी एक फसगत होते. जून-जुलैत भूजलाची पातळी वर आली की शोषखड्ड्यातील पाणी जमिनीत मुरत नाही. टाकी भरते, घरातील सर्व मोऱ्या मंदावतात आणि नळी तुंबली असा समज होतो. इथे अडथळाच नसतो, त्यामुळे पुडी विरघळवणार तरी काय? पाण्याचा वापर कमी करणे, पागोळ्यांचे पाणी टाकीच्या बाजूला वाहू न देणे आणि पावसाळ्याआधी टाकी उपसून घेणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

शहर असो वा गाव, उपायांपैकी सर्वांत स्वस्त उपाय जाळीच्या वर आहे. तळणाचे उरलेले तेल बाटलीत गोळा करावे. कढईतील तूप-तेल कागदाने पुसून मग ती घासावी. मासे धुतलेल्या पाण्यातील खवले आणि खोबऱ्याचा चव बारीक गाळणीत अडवावा. न्हाणीघराच्या जाळीवरील केस रोज उचलावेत. ट्रॅप दर दोन-तीन महिन्यांनी उघडून धुवावा. एवढे केले तर कॉस्टिकची पुडी क्वचितच लागते आणि लागलीच तर ती शेवटचा उपाय म्हणून, एकदाच, ती कुठे जाणार आहे याची जाणीव ठेवून वापरली जाते.